दसऱ्याआधी मेगर, सीझनभर वही

धरणगावच्या बाजूला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, मी मेंटेनन्स बघतो. डबल रोलर जिनच्या दोन ओळी, रुई ओढणारे पंखे, कन्व्हेअर, प्रेस आणि तिचा हायड्रॉलिक पॅक, एवढा आमचा पसारा. धंदा सीझनचा. दिवाळीच्या आगेमागे कापूस यायला लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत दम खाऊ देत नाही. गेटवर ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना पंख्याची बेअरिंग गेली तर नुसती बेअरिंग जात नाही. अख्खी ओळ थांबते, मजुरांचा रोज चालूच राहतो, आणि शेतकरी ट्रॉली वळवून दुसऱ्या जिनकडे जातो.

मशीन बंद पडायच्या आधी सांगते, हे सगळेच म्हणतात. ते ऐकायचं कसं, एवढंच इथे लिहितो. दाल मिल असो, तेलाची घाणी असो, जळगाव एमआयडीसीतला चटईचा किंवा पाइपचा कारखाना असो, पद्धत तीच. उदाहरणं मात्र माझ्या जिनिंगची.

आधी वही

महागडी यंत्रं नंतर घ्या. आधी एक जाड पुठ्ठ्याची वही आणा आणि प्रत्येक मशीनला स्वतंत्र पान द्या. पानाच्या डोक्यावर नेमप्लेट जशीच्या तशी उतरवा: एचपी, फुल लोड अँपिअर, आरपीएम, इन्सुलेशन क्लास, ॲम्बियंट (म्हणजे भोवतालच्या हवेचं) तापमान. त्याखाली दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचे नंबर, पट्ट्याचा नंबर आणि नग, गिअर ऑइलचा ग्रेड. हे काम रंगारी यायच्या आधी करा. पावसाळ्यात शेठ मशिनरीला रंग मारून घेतात आणि नेमप्लेट त्या रंगाखाली कायमची गडप होते.

पुढे रोजच्या नोंदी: तारीख, वेळ, शेडमधलं तापमान, दोन्ही बेअरिंगचं तापमान, तिन्ही फेजचे अँपिअर, आणि शेवटी एक मोकळा रकाना. त्या मोकळ्या रकान्यात "आवाज थोडा बदलला", "वास", "कापूस ओला" असलं काहीही लिहायचं. माझ्या अनुभवात निम्म्या बिघाडांची पहिली खबर याच रकान्यात सापडते.

नोंद घ्यायची जागा ठरलेली हवी. बेअरिंग हाउसिंगवर मॅट काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि तापमान दर वेळी त्याच ठिपक्यावर घ्या. काळाच का? इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटं बोलतो. घासून लख्ख झालेल्या शाफ्टवर किंवा ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा कितीतरी कमी दाखवतो. रंग द्यायचा नसेल तर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. आणि गन लांबून धरू नका. तिच्यावर १२:१ लिहिलेलं असेल तर एक मीटरवरून ती आठ सेंटीमीटरच्या गोलाची सरासरी सांगते, म्हणजे बेअरिंगबरोबर शेजारची हवा आणि भिंतही मोजते. वीतभर अंतरावरूनच घ्यायचं.

आपल्याकडचं ऊन हिशेबात घ्या

पुस्तकात लिहिलेलं असतं की बेअरिंग अमुक अंशांवर गेली की सावध व्हा. खानदेशात हा एकटा आकडा फसवतो. इथे जानेवारीच्या पहाटे शेडमध्ये दहा-बारा अंश असतात आणि एप्रिलच्या दुपारी बेचाळीस. समजा एका पंख्याची बेअरिंग जानेवारीत ६५ अंश दाखवते, तेव्हा शेडमध्ये २० आहेत. तीच एप्रिलमध्ये ७५ दाखवते आणि शेडमध्ये ४२ आहेत. घाबरायचं कधी? पहिल्या वेळी बेअरिंग हवेपेक्षा ४५ अंशांनी तापलेली आहे, दुसऱ्या वेळी ३३ अंशांनी. म्हणजे दुखणं जानेवारीत होतं, आणि आपण ओरडतो एप्रिलमध्ये. म्हणून वहीत वजाबाकीचा रकाना हवाच: बेअरिंगचं तापमान वजा शेडचं तापमान. त्या फरकावर नजर ठेवा.

पुस्तकातला आकडा अगदीच सोडून द्या असं नाही. ग्रीस आणि वाइंडिंगला वजाबाकी कळत नाही, त्यांना एकूण उष्णताच सोसावी लागते. मोटरच्या इन्सुलेशनचा ढोबळ नियम असा, की ठरलेल्या मर्यादेच्या वर दर १० अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. नेमप्लेटवर ॲम्बियंट ४० लिहिलेली मोटर एप्रिल-मेच्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्ण लोडवर चालवणं म्हणजे रोज थोडी थोडी जाळणंच. नवीन मोटर घेताना ५० अंशांची मागा. आणि तोवर कूलिंग फॅनच्या जाळीवरची रुई दर पाळीला काढा. जिनिंगमध्ये मोटरच्या फिन्सवर रुईचा गालिचा बसतो. त्याने मोटर तापते, आणि आगीला सरपण आयतं मिळतं.

शेजारच्या मशीनशी ताडून बघा

जिनिंगवाल्यांचं नशीब असं, की आपल्याकडे एकासारखी एक मशीन ओळीने उभी असतात. तीच मोटर, तेच रोलर, तोच कापूस. त्यामुळे तब्येत बघायला कुठल्या तक्त्याची गरज नाही. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) घेऊन ओळीतून चालत जा. सगळ्या जिन साडेपाच-सहा अँपिअर घेताहेत आणि एकटी सात घेतेय, तर तिच्यात काहीतरी आहे. फिक्स चाकू रोलरवर जास्त दाबला गेला असेल, रोलरच्या खाचा बुजल्या असतील, नाहीतर बेअरिंग जड झाली असेल. सगळ्याच जिनचे अँपिअर एकदम वाढले तर मशीनकडे नाही, कापसाकडे बघा: दवातला ओला माल आलाय. हा फरक ज्याला कळला, त्याच्या अर्ध्या फेऱ्या वाचल्या.

चाकू आणि रोलरच्या दाबाबद्दल एक सांगून ठेवतो. उत्पादन वाढवायला म्हणून जो तो चाकू आवळतो. दाब प्रमाणाबाहेर गेला की चामड्याचा रोलर तापतो, जळका वास येतो आणि रुईवर डाग दिसतात. जळकट चामड्याचा वास आला की आधी त्या जिनचा कापूस बंद करा, मग मशीन बंद करा, मग कारण शोधा.

कान, हात, नाक

आमच्याकडे एक म्हातारे ऑपरेटर होते. अख्ख्या ओळीच्या गोंगाटात चहा पिता पिता म्हणायचे, "भो, सहा नंबरना आवाज बदलना." मीटर लावला की खरंच काहीतरी निघायचं. यात जादू नाही. रोज तोच आवाज ऐकणाऱ्या कानाला फरक आपोआप टोचतो. म्हणून ऑपरेटरला दर आठवड्याला जागा बदलून देऊ नका, आणि तो काही म्हणाला तर ते वहीत उतरवा.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंग हाउसिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की आतलं स्पष्ट ऐकू येतं. चांगल्या बेअरिंगचा आवाज एकसारखा, सरसर असा. ग्रीस कमी पडलं की किरकिर, चिवचिव. गोळी किंवा रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती रिंग) उखडली असेल तर ठरावीक अंतराने टक-टक. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. ड्रायव्हर लावताना गळ्यातला गमछा काढून ठेवा, बाही आवळा, आणि फिरत्या पट्ट्याच्या बाजूने कधीच वाकू नका. जिनवर कापूस टाकणाऱ्या बायांचे पदर खोचलेले आहेत का, हेही त्याच फेरीत बघायचं.

हाताने तापमान बघायचं तर पालथा हात. साठ अंशांच्या आसपास हात काही सेकंदांच्या वर टेकवता येत नाही, एवढी खूण पुरे. पॅनेल, टर्मिनल, केबल यांना हात लावून बघायचं नाही. तिथे गन.

अँपिअर वाकडे दिसले तर

तीन फेजचे अँपिअर सारखे नसतील तर मोटर रिवाइंडिंगला पाठवायच्या आधी व्होल्टेज मोजा. समजा ४१०, ४१८ आणि ४०२ आले. सरासरी ४१०, सर्वांत मोठा फरक ८, म्हणजे असमतोल सुमारे २ टक्के. आकडा फुटकळ वाटतो, पण व्होल्टेजच्या १ टक्का असमतोलाने करंटमध्ये ६ ते १० टक्क्यांचा असमतोल येऊ शकतो. म्हणजे दोन टक्क्यांत एखादी फेज १२ ते २० टक्के वाकडी. ५ टक्क्यांच्या वर तर मोटर चालवूच नये, असं अमेरिकेतल्या नेमा (NEMA) या संस्थेचं मानक सांगतं. ग्रामीण फीडरवर संध्याकाळी पंप सुरू झाले की हे रोजचंच. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) बायपास करून ठेवलेला पॅनेल दिसला तर तो आजच पूर्ववत करा.

दोष लाइनचा की मोटरचा, हे ओळखायची सोपी तपासणी आहे. सप्लाय बंद करून, फ्यूज काढून खिशात ठेवून, मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा. तिन्ही सरकवल्या की फिरण्याची दिशा बदलत नाही. परत चालू करून मोजा. जास्तीचा करंट त्याच सप्लाय फेजवर राहिला तर दोष लाइनचा. करंट मोटरच्या वायरीबरोबर सरकला तर दोष वाइंडिंगचा.

ग्रीस: बेअरिंग कमी पडून जातात, तशाच जास्त होऊनही

हे कुणाला पटत नाही. ग्रीस गन हातात आली की पोरं बाजूने बाहेर येईपर्यंत मारतात आणि वर म्हणतात, "मस्त भरलं." बेअरिंगच्या घरातली मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. त्याच्या वर गेलं की गोळ्यांना ग्रीस घुसळत फिरावं लागतं, बेअरिंग तापते, तेल सुटून वाहून जातं आणि मागे साबणासारखा सुका लगदा उरतो. ग्रीस भरल्यावर तापमान थोडा वेळ वाढतं आणि मग उतरतं. काही तासांत उतरलं नाही, तर जास्त झालं असं समजा.

किती मारायचं याचा हिशेब आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, ०.००५ ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये. ६३०९ नंबरची बेअरिंग १०० मिलिमीटर व्यासाची आणि २५ रुंद असते, म्हणजे साडेबारा ग्रॅम. आता तुमच्या गनच्या एका दाबात किती ग्रीस निघतं? कागदावर दहा दाब मारा, तोला, दहाने भागा. ग्रॅमच्या खाली वजन करणारा काटा लागतो, आणि जळगाव हे सोन्याचं गाव आहे. ओळखीच्या सराफाकडे गेलं की तो हसत हसत तोलून देतो, फक्त पुडी नीट बांधून न्या. मग त्या गनवर पक्क्या शाईने लिहून ठेवा: "एक दाब = इतके ग्रॅम."

रंगावरून ग्रीस ओळखू नका. निळं, लाल, पिवळं हा कंपनीने घातलेला रंग असतो. आतला घट्टपणा देणारा पदार्थ वेगळा असेल, लिथियमच्यात पॉलियुरिया मिसळलं, तर दोन्ही पातळ होऊन वाहू शकतात. निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) टोपी बसवा आणि ग्रीस मारायच्या आधी निपल फडक्याने पुसा. नाहीतर ग्रीसबरोबर कपाशीची धूळही आत ढकलली जाते.

पट्टे आणि अलाइनमेंट यांचं थोडक्यात. पट्टा दोन पुलींमधल्या अंतराच्या मध्यावर ठरावीक जोराने दाबल्यावर त्या अंतराच्या दर मीटरला साधारण १६ मिलिमीटर दबला पाहिजे. जोर किती, ते पट्ट्याच्या कंपनीच्या तक्त्यात असतं. जास्त आवळला की मोटरची पुढची बेअरिंग जाते. चारपैकी एक तुटला तर चारही बदला, कारण नवा एकटाच सगळा भार ओढतो. पुली एका रेषेत आहेत का, हे ताणलेल्या दोरीने बघता येतं.

व्हायब्रेशन

हातात धरायचा साधा व्हायब्रेशन मीटर मोठ्या पंख्यांसाठी आणि प्रेसच्या मोटरसाठी घ्यावा असं माझं मत. प्रत्येक जिनवर तो फिरवत बसायची गरज नाही. आयएसओ १०८१६ च्या जुन्या तक्त्याप्रमाणे १५ किलोवॅटपर्यंतच्या मशीनला सेकंदाला १.८ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४.५ च्या वर धोका. १५ ते ७५ किलोवॅटला २.८ पर्यंत ठीक, ७.१ च्या वर धोका. तक्ता असू द्या, पण ज्या पंख्याचं आयुष्यभर १.२ येत होतं तो महिन्यात २.४ वर गेला, तर तो "ठीक" मध्ये बसत असला तरी मला झोप लागत नाही.

मोजायचं तीन दिशांनी: आडवं, उभं आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेने. शाफ्टच्या दिशेने जास्त आलं तर बहुतेक अलाइनमेंट. आडवं जास्त असेल तर बहुतेक असमतोल, आणि आपल्याकडे त्याचं पहिलं कारण म्हणजे पात्यांवर एका बाजूला बसलेली माती आणि रुई. पाती खरवडून परत मोजा, मगच बॅलन्सिंगवाल्याला बोलवा. उभं जास्त असेल तर पायाचे बोल्ट आधी बघा. मोबाइलमधली व्हायब्रेशनची ॲप्स असमतोलासारखं संथ हेलकावणं दाखवतात. बेअरिंगची सुरुवातीची बारीक थरथर त्यांच्या पकडीत येत नाही.

गिअरबॉक्सचं तेल बघायला काचेची छोटी बाटली पुरते. तळाचा थेंबभर घ्या, रात्रभर ठेवा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी मेणासारखी साय आली तर ती नेहमीची झीज, पण कण बोटाला टोचले किंवा चकाकणारा पापुद्रा निघाला, तर गिअर उघडायची वेळ झाली. हायड्रॉलिक पॅकच्या तेलाला साठ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात प्रेस ढिली पडली असं वाटतं तेव्हा पंपाआधी कूलर बघा.

उगाच उघडू नका

दर महिन्याला सगळं खोलून बघायचं, ही सवय चांगली दिसते, पण मशीनला मानवत नाही. एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या विमानांचे बिघाड वॅडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने मोजले, तेव्हा ठरल्या वेळेच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढलेले दिसले आणि मग हळूहळू उतरले. फिटरला यात नवल वाटणार नाही. चांगली बसलेली बेअरिंग हातोडीने काढली-घातली की तिचं निम्मं आयुष्य तिथेच गेलं. आकडे स्थिर असतील तर हात लावू नका. आकडे सरकले तरच खोला.

आणि काढलेली बेअरिंग भंगारात टाकायच्या आधी वाचा. डोळ्यांना चष्मा लावून ग्राइंडरने बाहेरची रिंग कापा. रेसच्या एकाच बाजूला पापुद्रे उखडले असतील तर पट्टा जास्त ताणलेला होता किंवा शाफ्ट वाकडा बसला होता. निळसर-तपकिरी झाली असेल तर तापली. गोळ्यांच्या अंतराएवढ्या अंतरावर गंजाच्या रेघा असतील तर ती पावसाळ्यात एका जागी उभी राहून खराब झाली. पत्र्याच्या नाल्यांसारख्या बारीक आडव्या खाचा दिसल्या आणि मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) असली, तर शाफ्टमधून करंट वाहतोय, नवी बेअरिंगही तशीच जाईल. कारण वहीत लिहा आणि मगच नवी बसवा.

किती दिवसांनी बघायचं? पहिली खूण दिसल्यापासून मशीन बंद पडेपर्यंत जेवढा वेळ मिळतो, त्याच्या निम्म्याहून कमी अंतराने. व्हायब्रेशनची खूण आठवडे-महिने आधी येते, म्हणून पंधरा दिवसांनी चालतं. हाताला चटका बसायला लागला की उरतात ते तास किंवा दिवस, म्हणून तापमान दर पाळीला.

पोळा ते दसरा

बंद सीझनमध्ये दर पंधरवड्याला प्रत्येक शाफ्ट हाताने सव्वा वळसा फिरवा, म्हणजे गोळ्या वेगळ्या जागी विसावतील. पट्टे ढिले करून ठेवा. पोळा झाला की मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, काढा. मोटरची केबल सोडवून, व्हीएफडी असेल तर तो नक्की बाजूला करून, ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावा. वाइंडिंग आणि बॉडीच्या मध्ये १ मेगाओहमच्या आत आलं तर ती मोटर चालू करायची नाही. आधी बल्बच्या उबेने वाळवा आणि आकडा वर चढतोय का बघा. गरम वाइंडिंगचं रीडिंग कमी येतं, दर १० अंशांना साधारण निम्मं, म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यातल्या आकड्याशी ताडा. हे सगळं दसऱ्याच्या आत. पूजा झाली की झेंडूच्या माळा मोटरच्या मागच्या जाळीवरून काढून घ्या. पंखा सुकलेल्या पाकळ्या आत ओढतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांनाही हीच वही लागू आहे. सबमर्सिबल डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही, तेव्हा पॅनेलवरचा अँपिअर हाच तिचा आवाज. व्होल्टेज तेवढंच असताना आठवड्यांमागून अँपिअर हळूहळू उतरला तर इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) झिजतोय किंवा पाणी खाली जातंय. एकदम पडला तर पंप कोरडा फिरतोय, आणि या मोटरला थंड करणारं आणि तिच्या बेअरिंगला वंगण देणारं पाणीच असतं, त्यामुळे लगेच बंद करा. अँपिअर वाढला आणि व्होल्टेज ठीक असेल तर वाळू किंवा बुश.

शेवटचं काम रंगाचं. प्रत्येक अँमीटरच्या काचेवर आणि तापमानाच्या ठिपक्याशेजारी लाल रेघ मारा आणि आकडा लिहा. तो आकडा तुमच्या वहीतून काढलेला हवा. नेहमीचा चालू आकडा बघा, त्याच्या वर किती गेलं की बंद, ते शेठबरोबर बसून ठरवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. रात्री तीन वाजता काटा रेघेच्या वर गेला तर पाळीवरच्या पोराने कुणाला फोन न लावता बटण दाबायचं, बोर्ड लटकवायचा, फ्यूज खिशात घालायचे आणि वहीत वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी कुणी त्याला "का बंद केलं?" विचारलं, तर त्याने ते सहीचं पान दाखवायचं.